तिसऱ्या हाकेनंतर

चहाला उकळी येत होती तेवढ्यात फोन वाजला. साधनानं ओल्या हातानंच तो कानाला लावला, आणि पलीकडून साधनाच बोलली.

"नमस्कार. मी साधना बोलून राह्यली. आता भेव नाई. जनावर निंगून गेलं. मोह येचाले, तलावावर जावाले हरकत नाई. संभाळून जा."

तिचा पहिला विचार अगदीच फुटकळ होता, की आपण 'संभाळून' हा शब्द फार लांबवतो. साडीच्या दुकानात समोरासमोर लावलेल्या आरशांत अचानक आपलीच पाठ दिसते आणि ही बाई कोण असं क्षणभर वाटतं, तसं काहीसं झालं. मग तो निरोप डोक्यात शिरला. मोकळीक दिली कोणी? काल संध्याकाळी तिनंच ऑफिसात बसून धोक्याचा निरोप पाठवला होता. गोंडपिपरीच्या पुढं तिचं गाव, गावाला लागून मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आणि त्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, दोन पिल्लं घेऊन पाण्याला टेकलेली वाघीण राखणदारानं डोळ्यांनी पाहिली होती. पाळीच्या खालच्या अंगाला मोहाची झाडं. चैत्रात त्या झाडांखाली उजाडायच्या आत बायका येतात आणि वाकून फुलं वेचतात. त्यांत तिची माय ताराबाई असते. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, हे या जिल्ह्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरालाही ठाऊक आहे. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी साधना फोनच्या पडद्याकडे बघत उभी होती. नंबर ऑफिसचाच होता. काडीचाही फरक नव्हता.

तिची संस्था म्हणजे चंद्रपुरात एका छपाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत माणसं बसायची आणि दुसरीत मशीन. ते मशीन इंटरनेटवरून एकाच वेळी चाळीसेक गावांतल्या घराघरांत फोन लावायचं, आणि निरोप गेला हे कळावं म्हणून संस्थेतल्या माणसांनाही. गावोगावच्या राखणदारांना एकेक हँडसेट दिला होता. जनावर दिसलं की त्यांनी आपल्या नंबरानं आत शिरायचं आणि नऊ दाबायचं, की धोक्याचा निरोप सुटायचा. जनावर गेल्याची खात्री झाली की सात, म्हणजे मोकळीक. सुरुवातीला निरोप कुणा शिकलेल्या बाईच्या आवाजात भरला होता. 'नागरिकांनी कृपया वनक्षेत्रात प्रवेश टाळावा.' लोक 'नागरिकांनी' म्हणेपर्यंत ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. रेडिओवाली बाई आली म्हणायचे. मग प्रफुल म्हणाला, हा संस्थेतला मशीन सांभाळणारा, "साधना, तूच बोल ना. तुह्या गावात बोलते तशी बोल." तिनं खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत ते दोन निरोप भरले. चंद्रपुरात आल्यापासून बँकेत, दुकानात, घरमालकीण इंदुताईंशी भाड्याचं बोलताना तिनं जी बोली जिभेखाली दाबून ठेवली होती, ती त्या दिवशी अशी धावत बाहेर आली की तिलाच लाज वाटली आणि तिलाच रडू आलं. लोकांनी मात्र ऐकलं. ढिवराची पोरगी सांगून राह्यली म्हणाले. त्या उन्हाळ्यात त्या आवाजानं कितीजणांना घरी बसवलं ते कुणाला सांगता येणार नाही, कारण जे घडत नाही त्याची बातमी येत नसते. साधनाला मात्र तेव्हापासून स्वतःबद्दल जरा बरं वाटू लागलं होतं. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो, तिचा घशात होता.

तिनं मायला फोन लावला. व्यस्त. कट केला तोच फोन तिच्या हातात थरथरला आणि पुन्हा ती स्वतःच बोलायला लागली, "नमस्कार. मी साधना…" तिनं अंगावर पाल पडल्यासारखा तो झटकला. पुन्हा लावला. व्यस्त. मायशी कोण बोलत असेल याचं उत्तर ठाऊक असूनही तिनं स्वतःला ते लवकर कळू दिलं नाही. मग प्रफुलचा फोन मध्ये घुसला. तो मोटरसायकलवर होता, वाऱ्यात अर्धे शब्द उडत होते.

"तू पाठवला काय?" त्यानं विचारलं.

"मी काऊन पाठवीन? तूच पाठवला असशील."

"मी नाई. कोनी तरी आत घुसलं. राखणदाराच्या नंबरावरून. पासवर्ड काय, जो नंबर तोच पासवर्ड, तुले तं माहीत हाय."

माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. राखणदारांना लांब पासवर्ड ध्यानात राहत नव्हते, वाघ समोर असताना माणूस आकडे आठवत बसत नाही, म्हणून सोपा ठेवला होता. पावसाळ्याआधी बदलू असं बैठकीत ठरलं होतं आणि बैठकीत ठरलेल्या गोष्टींचं जे होतं ते त्याचं झालं होतं.

"पन मोकळीक काऊन देली त्यायनं?" साधना म्हणाली. "आपलं कोन वैरी हाय?"

"वैरी गिरी कोनी नाई. त्यायले परदेशात फोन लावाचे असते, फुकटात, दुसऱ्याच्या लाइनीवरून. त्यायचं यंत्र आत येते अन् एक एक बटन दाबून पाह्यते, बाहेर जावाची वाट कोनती हाय म्हनून. एक दाबलं, दोन दाबलं… सात दाबलं तं आपला निरोप सुटला, लाइनी भरल्या, नऊपावतर ते पोचतच नाई. पुन्हा येते, पुन्हा दाबते."

"मंग तू नऊ दाब ना."

"लाइनी सगळ्या भरल्या हाय. आपला नऊ जाऊनच नाई राह्यला. मी ऑफिसात जाऊन तारच ओढतो. तार ओढली का मंग काहीच जानार नाई, ना सात ना नऊ. तू गावांले फोन कर, जमन तितके. जिवतीकडचं एक गाव तं उचलूनच नाई राह्यलं."

फोन बंद झाला. साधना ओट्याला टेकून उभी राहिली. कोणी नव्हतं. हीच गोष्ट तिला गिळता येईना. तिच्यावर डाव साधणारा, हसणारा, सूड उगवणारा असा कोणी माणूस असता तर तिला त्याचा राग तरी करता आला असता. इथं कुठल्या तरी देशातलं एक यंत्र अंधारात चाचपडत होतं, आणि चाचपडताना त्याचा हात तिच्या घशावर पडला होता. त्याला मोह माहीत नव्हता, वाघ माहीत नव्हता, ताराबाई माहीत नव्हती. त्यानं सात दाबलं होतं, आता कदाचित पुन्हा एकपासून दाबत असेल. तिला वाटलं आपण वेड्यासारखं हसणार, पण हसू आलं नाही.

आणि नेमकं आताच तिला संक्रांतीला गावी गेली तेव्हाचं दिसू लागलं. माय अंगणात बसून जाळ्याचा तुटलेला फास ओवत होती आणि फोनमधून देवळातल्यासारखी घंटी वाजली. साधनानंच मायच्या बटनाच्या फोनमध्ये तशी सोय करून दिली होती. ऑफिसचा नंबर आणि साधनाचा स्वतःचा, या दोन्हींना घंटी. बाकी जगाला सिनेमाचं गाणं. त्या वेळी आवाजाची हुबेहूब नक्कल करून लोकांना लुबाडणाऱ्यांच्या गोष्टी रोज कानावर येत होत्या, म्हणून तिनं लिंबाखाली सगळ्या बायका जमवून बजावलं होतं. घंटी वाजली तरच मी. गाणं वाजलं तर ती मी नाही, आवाज माझा असला तरी नाही, रडून बोलली तरी नाही, सरळ ठेवून द्यायचं. बायकांनी माना डोलावल्या होत्या. तर त्या दिवशी घंटी वाजली, राखणदारानं कुठल्याशा नाल्याजवळच्या जनावराबद्दल नऊ दाबलं होतं. मायनं फोन कानाला लावला, निरोप ऐकला, आणि शेजारी खरीखुरी लेक उभी असताना फोनमधल्या लेकीला म्हणाली, "हाव बाई, नाई जात. जेवली का?" पलीकडून अर्थातच काही आलं नाही. मायनं थोडी वाट पाहिली आणि फोन खाली ठेवला. साधना पोट धरून हसली होती. माय, तो भरलेला आवाज आहे, ती मी नाही, मी ही इथं उभी आहे. माय ओशाळली, हो हो म्हणाली. पण मग जाळ्यात सुई घालता घालता हळूच म्हणाली, "मले वाटते का तू कामात रायतेस. मी रोज इचारतो, तू कधी सांगतच नाई." तेव्हा साधना हसली होती हे आता तिला आठवलं आणि तिला त्या हसण्याची किळस आली.

इंदुताई जिन्यातून वर आल्या. जळलेल्या दुधाचा वास खालपर्यंत गेला होता.  साधनानं हात पुढं केला तसा त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला आणि शेगडीची कळ बंद करून, फडकं घेऊन ओटा पुसायला लागल्या. साधनाचा स्वतःचा फोन टेबलावर पालथा पडून थरथरत होता, तिच्याच आवाजानं तिची वाट अडवून धरली होती. इंदुताईंच्या फोनवरून मात्र लगेच रिंग गेली.

"कोन?" माय म्हणाली. तिच्या पाठीमागं वारा होता, वाळल्या पानांवर पावलं वाजत होती, कोणी तरी खोकलं. ती झाडांखाली पोचली होती.

"माय, मी साधना. कुठी हायस तू? तिथून निंग, माय."

 माय शांतपणे, शिकवलेला धडा म्हणून दाखवावा तशी म्हणाली, "गानं वाजलं. घंटी नाई वाजली. माह्या लेकीनं सांगून ठेवलं हाय आमाले. ठेव." आणि ठेवला.

साधनानं पुन्हा लावला. या वेळी ती रडत होती, आणि रडून बोलली तरी ऐकायचं नाही हेही तिनंच शिकवलं होतं. "दुसऱ्याच्या लेकीचा आवाज काहाडता," माय म्हणाली, "घरी मायबाप नाई काय तुमाले?" तिच्या आवाजात राग होता आणि रागाखाली चक्क अभिमान होता, आपण फसलो नाही याचा. फोन बंद झाला.

आता हिला कसं सांगू? घराचं कुलूप बदलून किल्ली आतच विसरलेल्या माणसासारखी साधना स्वयंपाकघरात उभी होती. तिला बाबा आठवले. मनसाराम ढिवर, तिचा बाप, तलावात डोंगा, म्हणजे लहान होडी, घालून मासे धरणारा, बोलायला कंजूष. लहानपणी ती त्यांच्यामागं पाळीवरून चालायची तेव्हा एकदा झाडीतून कोणी तरी तिचं नाव घेतल्यासारखं झालं आणि ती 'ओ' म्हणणार तेवढ्यात त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. त्यांच्या हाताला मासोळीचा वास होता. रानात एका हाकेला ओ द्यायची नाही. दोन हाकांनाही नाही. जे माणूस नसतं, ते तिसरी हाक मारत नाही. गावात सगळेच हे पाळायचे. नवराबायको, बापलेक, कोणी असो, रानात एकमेकांना तीनदा हाक मारायची आणि तिसरीलाच ओ द्यायची. शहरात येऊन मशीनचं काम शिकताना प्रफुलनं जेव्हा सांगितलं, की आलेला फोन खरा कशावरून, हे आधी पारखून घ्यावं लागतं, तेव्हा तिला हेच आठवलं होतं आणि गावंढळ वाटेल म्हणून तिनं ते सांगितलं नव्हतं. तिनं तिसऱ्यांदा फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला, पण कोणी बोललं नाही.

"माय, तिसरी हाक हाय," साधना म्हणाली. "आता तं ओ दे."

पलीकडे पानं वाजायची थांबली होती.

"हाका तं मघाशीबी तीन आल्या," माय म्हणाली. "घंटीच्या. एका घंटीवर कोनी घर सोडते काय? पयलीले आमी बसूनच होतो. दुसरी आली तरी तुह्या बाबानं डोंग्याले हात नाई लावला. तिसरी आली तवा निंगालो. तूच तं तीनदा जा म्हनली, आता तूच ये म्हनतेस. कोन्या तोंडाचं आयकू मी?"

 साधना फरशीवरच बसली. इतक्या पिढ्यांचा तो नियम, भुतंखेतं, चकवे, काय काय अडवून धरलेला, आणि आज सकाळी तो पहिल्यांदा हरला होता, कारण जे माणूस नव्हतं त्यानं तिसरी हाक मारली होती. ते चौथीही मारणार होतं, शंभरावीही मारणार होतं, त्याला दम लागत नव्हता.  काय सांगितलं तर माय म्हणेल, की ही माझीच? नाव, गाव, घरातली खूण, काहीही सांगितलं तरी आवाज चोरणाऱ्याला तेही मिळालं असेल, हेसुद्धा तिनंच लिंबाखाली सांगितलं होतं. 

"ठेवतो मी," माय म्हणाली. आणि मग, सवयीनं, फोन ठेवण्याआधी रोज म्हणायची तशी, "जेवली का?"

"नाई माय," साधनाच्या तोंडून आपोआप गेलं. "अजून चहाबी नाई. उतू गेला. गॅस सगळा भरला."

 ताराबाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "काय म्हनली?"

"चहा उतू गेला, माय. इंदुताई पुसून राह्यल्या."

"साधना?"

"हाव."

"तू बोलली," माय म्हणाली. "तू कधी सांगत नाई."

"माय, वाघीन तिथीच हाय. पाळीवर. तो निरोप मी नाई देला. तू निंग तिथून, सगळ्यायले घेऊन निंग. पळू नोको, सरळ उभी राह्य, वाकू नोको."

माय ओरडली नाही. त्या गावच्या बायका अशा वेळी ओरडत नाहीत. तिनं फोन कानापासून बाजूला केल्याचं कळलं आणि ती बेताच्या आवाजात म्हणाली, "पुनम, उठ व. मुखरूची बायको, टोपला राहू दे, उठ. सगळ्या उभ्या व्हा. लेकीचा फोन हाय, खरा." बांगड्या वाजल्या, टोपलं कलंडल्याचा आवाज आला, फुलं पानांवर सांडली असतील. नुकत्या वेचलेल्या मोहाचा तो गोडसर, डोकं चढवणारा वास साधनाला चंद्रपुरात, जळक्या दुधाच्या वासातून आला. मग माय पुन्हा फोनवर आली आणि आता तिचा आवाज बदलला होता.

"तुहा बाबा इथी नाई. डोंगा घेऊन पाळीच्या पल्याड गेला."

पाळीच्या पल्याड म्हणजे जिथं पाणी उथळ आहे, जिथं जनावरं प्यायला उतरतात.   ताराबाईनं हाक मारली. "ओ साधनाच्या बाऽऽ." ती हाक पाण्यावरून गेली. फोनमधून ती ऐकताना साधनाला सगळा तलाव दिसला, त्यातली पाणगवतं, वर आलेली झाडांची ठुंठं, डोंग्याची टोकं. उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. मनसाराम ढिवर एका हाकेला ओ देणारा माणूस नव्हता. तो ऐकत असेल, वल्हं पाण्यात तसंच धरून, मान जरा वळवून. किंवा नसेल ऐकत. दोन्ही गोष्टींना एकच शांतता होती आणि त्या शांततेतून काही ओळखता येत नव्हतं. सगळ्या जन्मात तिला बापाचा इतका राग आला नव्हता. द्या ना ओ, बाबा, एकदा नियम मोडा. दोन हाकांमध्ये विडी पेटेल इतका वेळ जाऊ द्यायचा असतो, आणि ताराबाईनंही तो जाऊ दिला. साधनाला ओरडावंसं वाटलं की माय, थांबू नको, लगोलग मार. पण घाईनं मारलेल्या हाका एकच धरतात, हे तिलाही ठाऊक होतं. दुसरी हाक गेली. कुठून तरी टिटवी ओरडली आणि ओरडतच राहिली, आणि जवळ जनावर हललं की टिटवी अशी ओरडते हेही साधनाला ठाऊक होतं. इंदुताई फडकं हातात धरून तशाच उभ्या होत्या. तिसरी हाक मारताना मायचा आवाज मध्येच फाटला.

काहीच आलं नाही. साधनानं डोळे मिटले. तिसऱ्या हाकेनंतर काय करायचं असतं ते तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"ओऽऽ," पलीकडून आलं. लांबून, बारीक, पाण्यावरून, त्रासिक. काम करताना हाक मारली की ते नेहमी द्यायचे तसंच.

"देली," माय म्हणाली. मग ती बरंच काही ओरडली, जनावर, ये, डोंगा तिथीच सोड नाई तं मधून आन, आणि उत्तरादाखल वल्ह्याचा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, एक, मग आणखी एक, मग भराभर. साधनाला तो जवळ येताना ऐकू येत होता. तिला आता रडायला हरकत नव्हती, पण रडू येत नव्हतं.  इंदुताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी ती दचकली.

ती सगळी मंडळी गावाकडे निघाली. पायवाटेवर गुडघ्याइतका पाचोळा होता, त्याचा आवाज येत होता, बाबांचा खोकला येत होता. मायनं फोन बंद केला नाही. थोडं चालून झालं की ती विचारायची, "हायस ना?"

"हाव माय."

पुन्हा थोडं चालणं. "हायस ना?"

"हाव."

असं तिनं किती वेळा विचारलं कोण जाणे. साधना प्रत्येक वेळी उत्तर देत होती, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत द्यायचा प्रयत्न करत होती, कारण तेच तेच शब्द आले तर मायला काय वाटेल याची तिला आता भीती वाटत होती. उद्या वाघीण तिथंच असणार होती. उद्या कोणाला तरी हे चाळीस गावांना सांगावं लागणार होतं, आणि तिच्याजवळ दुसरा आवाज नव्हता. टेबलावर तिचा स्वतःचा फोन पुन्हा थरथरायला लागला. प्रफुल असेल, जिवतीकडच्या त्या गावाची खबर घेऊन. किंवा तार अजून ओढली गेली नसेल आणि ती स्वतःच असेल. तिनं तो उलटा करून पाहिला नाही.

"साधना," माय म्हणाली. "हायस ना?"

"हाव माय," ती म्हणाली. "चहा टाकून राह्यली. तू बोल."